मांगी-तुंगी : जोडशिखरांची वंदना

मलकापूरच्या पश्चिमेस आंबा घाटाकडे गेलेली सह्याद्रीची रांग शाहूवाडीकरांच्या नित्य परिचयाची आहे. त्याच सह्याद्रीच्या उत्तर टोकास, नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, मांगी आणि तुंगी ही सिद्धक्षेत्राची जोडशिखरे उभी आहेत. मांगीची उंची ४३४३ फूट, तर तुंगीची ४३६६ फूट आहे. त्याच परिसरातील साल्हेर (१५६७ मीटर) कळसूबाईखालोखाल महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर होय. १६७२ च्या लढाईने गाजलेला हा गड २०२५ साली आपल्या पन्हाळ्यासह जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला.

श्रीराम, हनुमान, सुग्रीव, गव, गवाक्ष, नील, महानील यांसह नव्याण्णव कोटी मुनी येथून मोक्षास गेले, अशी दिगंबर परंपरेची श्रद्धा आहे. श्रीकृष्णांचा अंत्यसंस्कार करून बलभद्रांनी येथेच तप केले, असेही मानले जाते. दोन्ही शिखरांवरील गुंफांत पाषाणात कोरलेल्या प्राचीन जिनप्रतिमा आहेत. २०१६ साली याच डोंगरात भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच अखंड पाषाणमूर्तीची प्रतिष्ठापना झाली आणि क्षेत्राची कीर्ती दूरवर पोहोचली.

मात्र दुकान चार दिवस बंद ठेवून निघालेल्या व्यापारी कुटुंबाच्या यात्रेत क्षेत्रे अनेक आणि वेळ थोडा असतो. मग भव्य मूर्तीचे दर्शन घेऊन गाडी पुढे निघते आणि ज्या शिखरांमुळे हे सिद्धक्षेत्र झाले, त्यांची वंदना राहून जाते. पायथ्याच्या भिलवाडहून सुमारे साडेतीन हजार पायऱ्या आहेत. गुडघे साथ देत आहेत तोवरच आई-वडिलांना तेथे नेले पाहिजे. ‘पुढच्या वर्षी’ म्हणता म्हणता ते वय निघून जाते.

आदल्या सायंकाळी धर्मशाळेत मुक्काम करावा आणि पहाटेच चढण सुरू करावी, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी शिखर गाठता येते. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली आहे. दुसऱ्याचा भार खांद्यावर घेऊन कडा चढणाऱ्या माणसाशी मजुरीसाठी घासाघीस करू नये. बाजारातील हिशेब तेथे नेण्याचे कारण नाही. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्याने त्याच्या श्रमाचा पूर्ण मोबदला संतोषाने द्यावा आणि उतरताना आपला कचरा आपल्यासोबत खाली आणावा. तीर्थवंदनेत एवढे तरी अभिप्रेत आहेच.