मशिदीपुढे थांबणारी पालखी
लेखमाला : शेजार (लेखांक सहावा)

अनंत चतुर्दशीला जुन्या धुळ्यातून एका गणपतीची पालखी निघते. बाहेरगावचा माणूस या गणपतीचं नाव ऐकून दचकतो. त्याला खुनी गणपती म्हणतात. १८९५ साली मिरवणुकीवरून मशिदीजवळ दंगा पेटला, ब्रिटिशांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. मशिदीला लोक खुनी मशीद म्हणू लागले, गणपतीलाही तेच नाव चिकटलं. त्यानंतर सव्वाशेहून अधिक गणेशोत्सव झाले, तरी गावानं ते नाव पुसून टाकलेलं नाही.

आता पालखी टाळांच्या ठेक्यावर बारा पावली नाचत मशिदीपाशी येते आणि थांबते. मशिदीतली मंडळी बाहेर येतात, पालखीवर फुलं पडतात, आरती होते आणि पालखी पुढे निघते. जिथे रक्त सांडलं ती जागा टाळून दुसऱ्या गल्लीतून जायची वाट गावाला काढता आली असती. गावानं तसं न करता नेमक्या त्याच दाराशी थांबायचं ठरवलं. या ठरवण्यात मोठं शहाणपण आहे असं मला वाटतं.

मागच्या आठवड्यात आपण कानबाई देवीच्या रोटांविषयी बोललो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्या दिवशी सुरतेला, पुण्याला गेलेला खान्देशी माणूस घरी परततो आणि भाऊबंदकी एकत्र बसून रोट खाते. हे नातं फार घट्ट असतं, पण रोट भाऊबंदकीच्या बाहेर जात नाही. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पटनम यांनी समाजातल्या संबंधांचे दोन प्रकार सांगितले. काही संबंध आपल्यांना आपल्यांशी बांधतात, तर काही एका गटातून दुसऱ्या गटाकडे पूल टाकतात. आपल्याकडे पहिल्याची उणीव कधीच नव्हती. अहिराणी बोलणारे, लेवा, गुजर, पावरा, कोकणा, बंजारा, धर्मानं मुसलमान आणि जमातीनं भिल्ल असलेले तडवी, असा प्रत्येक समाज आपापल्या ठिकाणी पक्का बांधलेला आहे. पूल मात्र मुद्दाम घालावे लागतात, आणि दरवर्षी त्यांची डागडुजी करावी लागते.

जळगावात असा एक जुना पूल आहे. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिराचा रथ निघतो. संत अप्पा महाराजांनी १८७२ साली ही परंपरा सुरू केली. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या स्थानापाशी रथ थांबतो आणि रामाच्या रथाकडून तिथे चादर चढवली जाते. अप्पा महाराज आणि लालशाह बाबा यांच्या स्नेहाची आठवण गावानं अशी जपली आहे. रथ पाहिलेल्यांना मोगरी माहीत असते. एवढा अवजड रथ नुसत्या दोरांनी वळत नाही. चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडी मोगरी घालणारा माणूस लागतो. त्याचा हात जरा उशिरा पडला तर रथ गर्दीत घुसेल.

धुळ्याच्या पालखीत आणि जळगावच्या रथात मला एक गोष्ट सारखी दिसते. दोन्हीकडे कुठे थांबायचं, केव्हा थांबायचं, पुढे कोण येणार, हातात काय असणार हे सगळं आधीच ठरलेलं असतं. त्या दिवशी कुणाच्या मनात शेजाऱ्याबद्दल किती प्रेम आहे हे कुणी तपासत नाही. एखाद्या वर्षी मनं कडू असली तरी फुलं आणावीच लागतात, कारण रीत मोडली तर सगळ्या गावाला दिसतं. भावना चढतात आणि उतरतात. त्या उतरलेल्या असताना गाव सावरून धरण्याचं काम अशी रीत करते.

पण ही रीत एका दुपारपुरतीच असते, आणि तिथे आपण कमी पडलो. ज्या धुळ्यात पालखी मशिदीपुढे थांबते, त्याच धुळ्यात ऑक्टोबर २००८ मध्ये मोठी दंगल झाली. ६ जानेवारी २०१३ ला एका हॉटेलातल्या पैशांच्या वादावरून दोन जमाव समोरासमोर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले. भांडण बिलाचं होतं. तासाभरात ते धर्माचं झालं, कारण त्या रस्त्यावर मोगरी घालणारं कुणी नव्हतं.

आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात कालिकत आणि अलीगढ यांसारख्या शहरांच्या जोड्या तपासल्या. एका शहरात तणाव येऊनही शांतता टिकते आणि दुसऱ्यात भडका उडतो, तो का, हा त्यांचा प्रश्न होता. सणाला एकमेकांकडे जाणं, मुलं एकत्र खेळणं हे चांगलंच आहे, पण मोठ्या शहरात तेवढं पुरत नाही, असं त्यांना आढळलं. जिथे व्यापारी संघ, कामगार संघटना आणि वाचनालयं यांत दोन्ही समाज एकत्र काम करतात आणि ज्यांचा रोजचा धंदा एकमेकांवर अवलंबून असतो, तिथे अफवा पुढे सरकत नाही. ती खोडून काढण्यात दोघांचाही स्वार्थ असतो.

याचा पुरावा आपल्याच राज्यात, यंत्रमागांच्या भिवंडीत मिळतो. १९७० आणि १९८४ साली भिवंडी होरपळली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त झाले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरणारी, चहा पिऊन उठणारी शांतता समिती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. भिवंडीतल्या समित्यांची जात वेगळी होती. त्यांत पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं होती. ती पोलिसांसोबत नियमित बसत आणि किरकोळ कुरबुरी तिथल्या तिथे मिटवत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

आता त्या माणसाकडे वळू, ज्याला आपल्या गावात गल्लीच नाही. त्याच्याविषयी लिहायचं होतं म्हणूनच हा लेखांक लिहायला घेतला.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप मोबाइलवरून सगळीकडे फिरत होते. कुणीतरी या पाच जणांकडे बोट दाखवलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत जमावानं पाचही जणांना ठेचून मारलं. ग्रामपंचायत म्हणजे गावातली सगळ्यांची जागा. त्या पाच जणांचा जीव तिथेही वाचला नाही.

भटक्यांच्या फिरण्याला पूर्वी एक शिस्त होती. गावं ठरलेली, हंगाम ठरलेला, आणि पाल टाकलं की पाटलाच्या कानावर घालायचं. गावाला तो चेहरा ओळखीचा असे. खळी आटली, पिढ्या बदलल्या आणि ही ओळख तुटली. तिच्या जागी दुसरी कुठली व्यवस्था आपण आणली नाही. राईनपाड्यानंतर १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमायचा आदेश दिला. व्हॉट्सॲपनं एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. पण बाजारात एकट्या पडलेल्या माणसासाठी “याला मी ओळखतो” असं म्हणणारा माणूस न्यायालय पाठवू शकत नाही. तो गावातूनच उभा राहावा लागतो.

म्हणून एक साधी मागणी आहे. गावाबाहेर पाल पडलं की त्याच दिवशी पोलीस पाटील, एक ग्रामपंचायत सदस्य आणि शाळेतला एक शिक्षक असे तिघे तिथे जावेत. कोण, कुठले, किती दिवस राहणार हे त्यांनी विचारावं, तिथली मुलं शाळेत येऊन बसतील का तेही विचारावं, आणि गावात दवंडी द्यावी की हे लोक आपल्याकडे आले आहेत. याला निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. पालखी कुठे थांबवायची हे जुन्या धुळ्यातल्या लोकांनी ठरवलं, तसंच हेही गावालाच ठरवता येईल. तुमच्या शिवारात आज एखादं पाल असेल, तर कृपा करून पुढच्या लेखांकाची वाट पाहू नका. संध्याकाळी पोलीस पाटलांना सोबत घ्या आणि तिथे जाऊन या.