मनमाडचे दिवे : विझलेल्या सिग्नलचा अर्थ

सह्याद्रीच्या पूर्वेस पठारावर वसलेल्या मनमाडला समुद्र नाही, अर्थातच दीपस्तंभही नाही. परंतु दीपस्तंभाचा उजेड ज्या भिंगामुळे कोसांवरून दिसू लागला, त्याच जातीच्या भिंगाच्या भरवशावर रात्रीच्या गाड्या या जंक्शनात शिरत आल्या. फ्रान्समधील कोर्दुआंच्या दीपस्तंभावर 1823 साली बसलेले ऑगस्तँ फ्रेनेल यांचे पायऱ्यापायऱ्यांचे भिंग, म्हणजे जाड काचेतील निरुपयोगी भाग काढून वक्र कडांची वर्तुळे तेवढी राखणारे भिंग, चहूकडे विखुरणारा उजेड एका दिशेला वळवते, आणि सिग्नलच्या रॉकेलच्या दिव्यांनीही पुढे हीच युक्ती उचलली.

मनमाडला दिव्यांची गरज मोठी होती. 1865 मध्ये थळ घाट चढून आलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळकडची वाट येथून गेली, 1878 मध्ये दौंडचा मार्ग येऊन मिळाला, आणि 1900 च्या सुमारास निजामाच्या मुलखातून हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे येथवर पोहोचली. पहिल्या दोहोंच्या रुळांतील अंतर 1676 मिलिमीटर, तिसरीचे 1000. त्यामुळे मराठवाड्याकडचा माल येथे एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे, आणि हा खटाटोप 1990 च्या दशकातील गेजबदलापर्यंत टळला नाही.

त्या काळचा सिग्नल म्हणजे उंच खांबावरील लाल हात : आडवा असेल तर थांबा, खाली झुकला तर पुढे चला. रात्री हात दिसत नसल्याने त्याच्याबरोबर हलणाऱ्या रंगीत काचा दिव्यासमोर येत. यांतली हिरवी म्हणवणारी काच प्रत्यक्षात निळसर असे, कारण रॉकेलची ज्योत पिवळी असते आणि दोहोंच्या मिश्रणातून हिरवा साधतो. खांबाची लोखंडी शिडी चढून वात कापणे, काजळी पुसणे, तेल भरणे हे लॅम्पमनचे काम. रेल्वेच्या इतिहासात घाटांच्या आणि पुलांच्या अभियंत्यांना मिळालेली जागा त्याच्या वाट्याला आली नाही, हे काही न्यायाचे नव्हे.

खरा प्रश्न दिवा विझल्यावर काय समजायचे, हा होता. विझलेला दीपस्तंभ खलाशाला काहीच सांगत नाही. रेल्वेने मात्र त्या अंधारालाही अर्थ दिला, आणि तोही ठेच खाऊन. इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन येथे जानेवारी 1876 मध्ये बर्फाने जाम झालेला सिग्नलचा हात ‘मार्ग मोकळा’ या स्थितीतच अडकून राहिला आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. तोवर सिग्नल एरवी मोकळाच ठेवण्याची रीत होती, ती त्यानंतर उलटली. केबिनमधून येणारी तार तुटलीच तर वजनाच्या ओढीने हात आपोआप आडवा व्हावा, अशी रचना रूढ झाली, आणि विझलेला किंवा बिघडलेला सिग्नल धोक्याचाच मानावा हा दंडक भारतीय रेल्वेच्या नियमांत आजही आहे. आता रॉकेलच्या जागी विजेचे रंगीत दिवे आले असले, तरी सिग्नलचा लाल दिवा गेला की त्याच्या मागचा सिग्नल लाल होतो आणि येणारी गाडी तिथेच थांबते.