जुन्या रोड बाईकला शिफ्टर बदलताय? आधी हे बघा

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गिअरसाठी खालच्या दांडीपर्यंत हात न्यायचा कंटाळा आला असेल, तर ब्रेक-गिअर एकाच लिव्हरमध्ये असलेले शिफ्टर बसवा. शिमानोने हे एसटीआय शिफ्टर १९९० मध्ये आणले. महागडा नवा सेट कशाला? वापरलेला ८ स्पीडचा क्लॅरिस किंवा ९ स्पीडचा सोरा मस्त चालतो.

🔧 मागचा डिरेलर: शिमानोच्या ७, ८, ९ स्पीडमध्ये केबल सारखीच ओढली जाते (जुना ७४०० ड्युरा-एस सोडून). म्हणजे आहे तोच चालेल.

🔧 कॅसेट: शिफ्टर जितक्या स्पीडचा, तितक्याच चकत्या. ७ चकत्यांवर ८ चा शिफ्टर चालून जातो, एक क्लिक रिकामा राहतो.

🔧 दांडी: जुने लिव्हर काढले की तिथे केबल स्टॉप लावावे लागतात.

🔧 केबल: गिअरचंच आवरण घ्या. ब्रेकचं आवरण दाबलं जातं आणि गिअर नीट बसत नाहीत.

लिव्हर दाबूनही ‘टक’ होत नसेल तर शिफ्टर भंगारात टाकू नका. बहुतेकदा आतलं ग्रीस सुकलेलं असतं. डब्ल्यूडी-४० मारा, भरपूर क्लिक करा, मग पातळ तेलाचे थेंब सोडा.