‘स्थानिक पालक’चा रकाना

कॉलेजच्या प्रवेशअर्जात ‘स्थानिक पालक’ म्हणून एक रकाना असतो. लेकीला बेंगळूरला घातलं तेव्हा त्यात आम्ही ह्यांच्या चुलत भावाचं नाव लिहून टाकलं. “विचारायचं काय त्यात वहिनी, घरचीच पोर,” असं भावोजी फोनवर म्हणालेही होते. त्यांचं घर यलहंकाला, शहराच्या उत्तर टोकाला. लेकीचं वसतिगृह बनशंकरीला, पार दक्षिणेला. टिळकवाडीतून शहापूरला जावं, त्या हिशेबाने आम्ही बेंगळूर मोजलं.

दुसऱ्या सेमिस्टरला एका रात्री पाऊण वाजता तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला. पोटात कळा, उलट्या, उभंही राहवत नाही. वसतिगृहाच्या बाई म्हणत होत्या, स्थानिक पालकांना बोलवा. भावोजींचा नंबर बंद. (नंतर कळलं, ते सहा महिन्यांपूर्वीच पुण्याला गेले होते. कळवायचं राहिलं म्हणे. दिवाळीनंतर आम्ही तरी कुठे फोन केला होता?) राणी चन्नम्मा संध्याकाळीच निघून गेलेली. आम्ही गाडी काढली. सुमारे ५०० किलोमीटर. हिरेबागेवाडीचा टोलनाका येईपर्यंत दोघांपैकी कुणी बोललं नाही.

लेकीला दवाखान्यात नेलं ते त्या मैत्रिणीच्या चिक्कम्माने. बसवनगुडीला राहणारी, आम्ही कधी न पाहिलेली बाई. अपेंडिक्स निघालं. लेक अठरा पूर्ण, शुद्धीवर, त्यामुळे संमतीची सही तिची तिनेच केली; पण अनामत भरायला आणि जवळ थांबायला जाणतं माणूस हवं होतं. “चिंते माडबेडी, नानिद्दीनी,” एवढंच ती मला फोनवर म्हणाली. सकाळी तिच्यासमोर उभी राहिले आणि तोंडून आपलं बेळगावी कन्नड निघालं, “भाळ उपकार आत्री.” ती हसली. मला रडू आलं.

पुढच्या खेपेला कुंद्याचे डबे घेऊन, लेकीला बरोबर घेऊन, आम्ही तीन घरी गेलो. “मी काय लहान आहे का?” म्हणून तिची कुरकुर चालली होती. पण ज्या घराची बेल तिने कधी वाजवलेली नाही, तिथे ती रात्री फोन करणार नाही, हे मला आता पटलं होतं. प्रत्येक घरी तोंड भिजवून झाल्यावर मी सरळ विचारलं: रात्री दोनला फोन उचलाल का? निघायला वाहन आहे का? विचारताना संकोच वाटतो, पण उत्तरं खरी मिळतात. जयनगरच्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या खानापूरच्या, म्हणाल्या, “रात्री मला धड दिसत नाही गं. पण दवाखान्यात दिवसभर बसेन, डबा देईन.” मग तसंच ठरलं. रात्री चिक्कम्मा, दिवसा बाई, आणि दोघी गावाला गेल्या तर वसतिगृहामागच्या गल्लीतलं निपाणीचं कुटुंब. पैसे मात्र आम्ही त्याच घटकेला पाठवायचे, हेही बोलून घेतलं.

कॉलेजात अर्ज देऊन नाव बदललं. लेकीच्या मोबाइलमध्ये कुलूप न उघडता दिसतील असे नंबर घातले, रक्तगट आणि पेनिसिलिनची ॲलर्जीही. तेच कागदावर लिहून तिच्या पाकिटात आणि मैत्रिणीकडे दिलं, कारण बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. खाली ११२, आणि ॲम्ब्युलन्ससाठी १०८. विमा कार्डाची प्रत चिक्कम्माकडे. जून आणि जानेवारीत तिन्ही घरी मी स्वतः फोन करते. कुणी घर बदललं, कुणाचे गुडघे दुखतात, सगळं कळतं.

गेल्या उगादीला लेक बसवनगुडीलाच जेवली. ओबट्टू आपल्या पोळीपेक्षा मऊ होता म्हणे, हे तिने मला मुद्दाम सांगितलं. यंदा चिक्कम्माचा मुलगा बेळगावात शिकायला आला आहे. त्याच्या अर्जातल्या त्या रकान्यात आमचं नाव आहे. मी मोबाइल उशाशी घेऊन झोपते, आवाज बंद न करता.