अग्निपिंडातील द्रवार्बुदांचे द्रवपरीक्षण

जठराच्या मागे आडव्या असलेल्या अग्निपिंडात (स्वादुपिंडात) किंवा त्याच्या लगत द्रवाने भरलेल्या ज्या पिशव्या निर्माण होतात, त्यांना अग्निपिंडातील द्रवार्बुदे म्हणतात. व्यवहारात ‘सिस्ट’ हा शब्द रूढ आहे. पिशवीतील द्रव सुईने काढून तपासल्यास तिचा प्रकार ओळखण्यास मदत होते.

प्रकार : अग्निपिंडशोथानंतर पाचक रस साचून होणाऱ्या पिशवीस आभासी द्रवार्बुद म्हणतात, तिला कोशिकांचे अस्तर नसते. पातळ द्रवाचे लसी द्रवार्बुद बहुधा निरुपद्रवी असते. श्लेष्मल द्रवार्बुदांचे मात्र पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. त्यांपैकी एक प्रकार प्रामुख्याने स्त्रियांत, अग्निपिंडाच्या मध्यभागात वा शेपटाकडे आढळतो. दुसरा अग्निपिंडाच्या नलिकांतून उद्‌भवतो. अग्निपिंडावरील शस्त्रक्रिया मोठी व जोखमीची असल्याने निरुपद्रवी पिशवी काढणे जितके अनिष्ट, तितकेच घातक पिशवीकडे दुर्लक्ष करणेही अनिष्ट होय.

पद्धत : टोकाशी श्राव्यातीत ध्वनीचे साधन बसविलेली दुर्बीण तोंडावाटे जठरात किंवा ग्रहणीत नेतात व प्रतिमा पाहत भित्तीतून बारीक सुई पिशवीत घालून द्रव ओढून घेतात. क्वचित रक्तस्राव, संसर्ग किंवा अग्निपिंडशोथ उद्‌भवतो.

परीक्षण : द्रव चिकट असून त्याची तार निघत असेल, तर श्लेष्मल प्रकाराचा संशय येतो. आभासी द्रवार्बुदात अमायलेज या एंझाइमाचे प्रमाण पुष्कळ असते. ते लिटरमागे २५० एककांपेक्षा कमी असल्यास तो प्रकार बहुधा नसतो. ‘सीईए’ या प्रथिनाचे प्रमाण मिलिलिटरमागे १९२ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त असणे श्लेष्मल प्रकाराचे सूचक मानतात. ही मर्यादा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासातून रूढ झाली. परंतु त्यावरून कर्करोग झाला आहे किंवा नाही, हे ठरत नाही. १०० मिलि. द्रवात ग्लुकोज ५० मिग्रॅ.पेक्षा कमी असणे हीदेखील श्लेष्मल प्रकाराची खूण आहे. द्रवात कोशिका थोड्याच सापडत असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली कर्ककोशिका न दिसल्या, तरी कर्करोग नाही असे म्हणता येत नाही. ‘केरास’ व ‘जीनास’ या जीनांतील उत्परिवर्तने श्लेष्मल प्रकाराकडे निर्देश करतात.

उपलब्धता : अनेक द्रवार्बुदे दुसऱ्याच तक्रारीसाठी केलेल्या तपासणीत अकस्मात आढळतात. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात लोणावळ्यासारख्या गावी सोनोग्राफीत अशी पिशवी दिसली, तरी सुईने द्रव काढण्याची तपासणी सामान्यतः पुणे वा मुंबई येथील मोठ्या रुग्णालयांत करतात. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. प्रत्येक पिशवीस सुई घालणे आवश्यक नसते. लहान, लक्षणरहित व घन भाग नसलेल्या पिशवीची ठराविक काळाने प्रतिमा काढून पाहणी करणे बहुधा पुरेसे असते. कावीळ, नलिकेचा विस्तार किंवा पिशवीत घन गाठ आढळल्यास मात्र विलंब करू नये. अखेरचा निर्णय एकाच आकड्यावर न घेता रुग्णाचे वय, लक्षणे, प्रतिमा व द्रवपरीक्षण यांचा एकत्र विचार करून घेतात.