आपली मरळ, आपल्याच ताटात : घरचं अपोलो फिश



गेल्या हिवाळ्यात मुधोळला आमच्या घरी बारसं होतं. दीडशे माणूस. जेवणाचं कंत्राट दिलेलं, आणि पोरांच्या हट्टानं ‘स्टार्टर’ म्हणून अपोलो फिश ठेवलेलं. हल्ली आपल्याकडं लग्न असो, साखरपुडा असो की बारसं, हैदराबादी हॉटेलांतला हा पदार्थ लागतोच. बिनकाट्याचे तळलेले तुकडे, वरून हिरवी मिरची, कडीपत्ता आणि दह्याचा मसाला. लेकरांना आवडतो, म्हाताऱ्यांना काट्याची भीती नाही.

आमचे आजोबा बासरच्या पाण्यात जाळं टाकून म्हातारे झालेले. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, जरा चावला आणि वाढणाऱ्या पोराला विचारलं, “बाळा, हा मासा कोणता रे?”

“बासा आहे, आजोबा. पाकिटातला.”

आजोबा काही बोलले नाहीत. पण त्याच दिवशी पहाटे आमच्या दोन होड्यांनी अकरा किलो जिवंत मरळ व्यापाऱ्याला घातली होती. ती गेली शहराकडं, आणि आमच्या मांडवात आला बर्फातला पाकीटबंद मासा. वर रंग एवढा, की लेकरांची बोटं आणि ओठ संध्याकाळपर्यंत लाल होते. तेव्हाच घरातल्या बायांनी ठरवलं, पुढच्या कार्यक्रमाला हा पदार्थ घरी करायचा. पाठोपाठ पुतणीचा साखरपुडा होता. केला, आणि चांगला झाला. ते कसं केलं ते आज सांगतो.

मरळच का?

तेलुगूत आपण हिला कोर्रमीनू म्हणतो. २०१६ साली तेलंगणानं हिला राज्याचा मासा म्हणून मान दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपलं मुधोळ आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नव्या निर्मल जिल्ह्यात आलं. मिरगाला आपल्या भागात घरोघरी मासा शिजतो, आणि त्या दिवशी मरळीचा भाव काय होतो हे तुम्हाला सांगायला नको.

मरळ वरची हवा घेऊन जगते. त्यामुळं थोड्या पाण्यात, ओल्या पोत्यातसुद्धा ती बाजारापर्यंत जिवंत जाते. याहून ताजा मासा कुठला मिळणार? दुसरं म्हणजे, रोहू-कटल्याच्या मांसात जे ‘वाय’ आकाराचे बारीक काटे असतात ते हिच्यात नाहीत. मधला काटा आणि बरगड्या काढल्या की काम झालं. तिसरं, मांस घट्ट आहे, तळताना तुटत नाही.

बासा वाईट असं मी म्हणत नाही. तो मूळ मेकाँग नदीकडचा. त्याच्याच जातीचा पंगास आता आंध्रातल्या तळ्यांत पाळतात. स्वस्त पडतो, बिनकाट्याचा मिळतो, म्हणून कंत्राटदार तो घेतो. पण पाकिटातल्या माशावर बर्फाचा थर असतो. बर्फ सुटला की वजन उतरतं आणि मांस पाणचट लागतं. ती चव झाकायला मग मसाला जास्त, रंग जास्त आणि अजिनोमोटो.

रंगाचं काय?

जून २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकानं चिकन आणि माशांच्या कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. त्याआधी तिथं कबाबाचे ३९ नमुने तपासले होते, त्यातल्या ८ नमुन्यांत असे रंग सापडले. मार्चमध्ये गोबी मंचुरियनवर अशीच बंदी आली होती.

लाल रंग हवाच असेल तर आपल्याकडं मिरची आहे. वरंगळकडची चपाटा मिरची, जाड आणि टोमॅटोसारखी लाल, रंगाला भरपूर आणि तिखटाला कमी. नाहीच मिळाली तर ब्याडगी घ्या. पाच-सहा मिरच्यांचं बी काढा, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा आणि पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये गंध वाटा. रंग छान येतो आणि लेकरांची बोटं धुतली की स्वच्छ होतात.

साहित्य (सहा-सात माणसांना)

– बिनकाट्याची मरळ अर्धा किलो. त्यासाठी अख्खी मरळ साधारण सव्वा किलो लागते.
– मुरवायला : मिरचीचा गंध २ चमचे, आलं-लसूण वाटण १ मोठा चमचा, निजामाबादची हळद अर्धा चमचा, मिरेपूड अर्धा चमचा, अर्धं लिंबू, चवीपुरतं मीठ.
– वरच्या पिठाला : तांदळाचं पीठ ३ मोठे चमचे, ज्वारीचं पीठ १ मोठा चमचा, एक अंडं.
– फोडणीला : बारीक चिरलेला लसूण ८-१० पाकळ्या, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या ४-५, कडीपत्त्याच्या दोन काड्या, जिरं अर्धा चमचा.
– मसाल्याला : घट्ट ताजं दही अर्धी वाटी, धनेपूड आणि मिरेपूड अर्धा-अर्धा चमचा.
– तळायला करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल. शेवटी कोथिंबीर आणि लिंबू.

मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही, रंग नाही. ज्वारीच्या पिठानं तुकडा कुरकुरीत होतो, आणि हे पीठ आपल्या घरात कायम असतंच.

साफ करणं

आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पण नव्या सुना-पोरांसाठी लिहितो. मरळ बुळबुळीत, हातातून निसटते. चुलीतली राख नाहीतर जाडं मीठ चोळा, पकड येते. खवले काढा, डोकं कापा, पोट साफ करून आतलं रक्त धुऊन घ्या. मग पाठीकडून सुरी घालून मधल्या काट्याला घासत शेपटीपर्यंत न्या. दोन्ही बाजूंच्या दोन फाका निघतात. बरगडीचे काटे तासून घ्या. फाक कातडीवर पालथी न घालता कातडी खाली ठेवा, शेपटीचं टोक घट्ट धरा आणि मांस व कातडी यांच्या मधून सुरी सरकवा.

दोन बोटं रुंदीचे तुकडे करा, एकदा धुवा आणि कापडावर पसरून पूर्ण कोरडे करा. इथं घाई करू नका. पाणी राहिलं तर पीठ सुटतं आणि तेल उडतं.

डोकं, मधला काटा टाकायचा नाही. त्याचं चिंच घालून कालवण होतं, संध्याकाळी घरच्यांना पुरतं.

करायचं कसं

मुरवायचं सगळं तुकड्यांना चोळून वीस मिनिटं ठेवा. लिंबू आहे, म्हणून जास्त वेळ नको, मांस भुसभुशीत होतं. तळायच्या वेळेला अंडं फोडून घाला, वरून दोन्ही पिठं भुरभुरा आणि हातानं कालवा. पीठ तुकड्याला नुसतं चिकटलं पाहिजे, भज्यासारखा जाड थर नको.

कढईत तेल तापवा. पिठाचा थेंब टाकला की लगेच वर यायला हवा. एका वेळी सात-आठ तुकडेच सोडा, गर्दी केली की तेल थंड पडतं आणि मासा तेल पितो. तीन-चार मिनिटांत सोनेरी लाल होतात. एक तुकडा मोडून बघा, आत पांढरा आणि पाकळ्या सुटणारा हवा. गोड्या पाण्यातला मासा आहे, आत कच्चा राहता कामा नये.

दुसऱ्या कढईत दोन चमचे तेल, जिरं, लसूण, मिरच्या, कडीपत्ता. लसूण सोनेरी झाला की जाळ अगदी बारीक करा. दह्यात धनेपूड, मिरेपूड, उरलेला मिरचीचा गंध आणि चिमूटभर तांदळाचं पीठ फेटून ते कढईत ओता आणि हलवत राहा. पिठामुळं दही फाटत नाही. मसाला कढईच्या कडा सोडायला लागला की तुकडे घाला, एक मिनिट परतून उतरवा. लिंबू, कोथिंबीर. गरम असतानाच वाढा.

“मासा आणि दही? नको गं बाई!”

साखरपुड्याच्या दिवशी आमच्या आत्यांनी हेच म्हटलं. आपल्याकडं अनेक घरांत मासा आणि दूध-दही एकत्र चालत नाही. बंगालात मात्र दही घातलेला मासा पाहुण्यांना मानानं वाढतात. तरी ज्यांना मनाला पटत नाही त्यांनी दोन टोमॅटो आणि चिंचेचा कोळ एक चमचा असा मसाला करावा. आम्ही आत्यांसाठी वेगळी कढई लावली. त्यांनी दोन्हीतलं खाल्लं, ते सोडा.

मरळ नाही मिळाली तर

भैंसाच्या गड्डेन्नावागू धरणात, गावतळ्यात कटला-रोहू जास्त. तीन किलोच्या वरचा कटला घ्या. फाकेवर कातडीच्या बाजूनं न कापता, मांसाच्या बाजूनं अगदी जवळजवळ आडव्या चिरा द्या, कातडीपर्यंत न्या पण कातडी तोडू नका. बारीक काटे तुकडे होतात आणि गरम तेलात कुरकुरीत होऊन जातात. तरी लहान लेकरांना देताना बोटानं चाचपून द्या. गोदावरीतले मोठे झिंगे मिळाले तर तेही याच रीतीनं होतात, फक्त तळायचा वेळ निम्मा.

आणि एक विनंती. पावसाळ्यात मरळीची जोडी पिलांचा लालसर गोळा सांभाळत वर दिसते. ती जोडी मारू नका. आई-बाप गेले की पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. पुढच्या वर्षीची मरळ तीच आहे.

पन्नास माणसांचा हिशोब

स्टार्टर म्हणून माणशी शंभर ग्रॅम धरा. पन्नास माणसांना पाच किलो बिनकाट्याचा मासा, म्हणजे अख्खी मरळ साधारण बारा किलो. सकाळी साफ करून कोरडे तुकडे बर्फाच्या पेटीत ठेवा, होडीवरची पेटी घासून-पुसून चालते. तुकडे डब्यात घाला, बर्फाचं पाणी लागू देऊ नका. लिंबू सोडून बाकीचा मसाला दुपारी लावा, लिंबू तळायच्या अर्धा तास आधी, पीठ अगदी शेवटी. वाढायची वेळ आली की तळा. तळून तास-दोन तास ठेवलेला मासा मऊ पडतो आणि उघड्यावर ठेवणं बरंही नाही.

आमच्याकडं चार बाया आणि दोन पोरं होती. एकजण मिरच्या वाटायला, दोघी साफसफाईला, एक कढईवर, पोरं वाढायला. गडबड झाली नाही.

शेवटचं

साखरपुड्याला आलेल्या पाहुण्यांतल्या दोघांनी जाताना विचारलं, “आमच्याकडच्या कार्यक्रमाला करून द्याल का?” आमच्या बायांनी एक ऑर्डर घेतली, आता दुसरीची बोलणी चालू आहेत. तुमच्याकडं कुणाला असं करायचं असेल तर आधी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. लहान घरगुती धंद्याला ती वर्षाला १०० रुपयांत होते.

जिवंत मरळ व्यापाऱ्याला घालायची ती घालूच, घर त्यावर चालतं. पण दर खेपेला सगळीच्या सगळी घालायला हवी असं नाही. आपल्या लेकराच्या बारशाला, पोरीच्या साखरपुड्याला बारा किलो बाजूला काढून ठेवा.

आजोबांनी त्या दिवशी तीन वेळा घेतलं. मासा कोणता, हे या वेळी त्यांनी विचारलं नाही.