तंबाखूचं पान, काचेची बाटली आणि इंटर्नल्स

शनिवारी बेळगावहून निपाणीला येताना बसमध्ये शेजारच्या काकांनी विचारलं, "लॅबमध्ये दिवसभर करतीस तरी काय गं?"

म्हटलं, "काका, तुमच्या रानातलंच पीक, पण बाटलीत!"

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट टिश्यू कल्चरचा : तंबाखूच्या पानाच्या तुकड्यापासून अख्खं रोप.

आपल्या निपाणीचा तंबाखू विडीसाठी प्रसिद्ध. विज्ञानात मात्र त्याचा वेगळाच मान. टिश्यू कल्चरमध्ये रोपं वाढवायला जगभर वापरलं जाणारं 'एमएस' माध्यम मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूवर काम करतानाच तयार केलं.

त्यात क्षार, जीवनसत्त्वं, लिटरला ३० ग्रॅम साखर आणि आगर. सामू ५.८. मग ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५-२० मिनिटं.

खरी गंमत संप्रेरकांची. सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब, ऑक्सिन जास्त असेल तर मुळं!

माझं वेळापत्रक? सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, चारनंतर प्रोजेक्ट. ऑटोक्लेव्ह गार होईस्तोवर जर्नल लिहायचं.

इंटर्नल्सच्या आठवड्यात घाई नडली. चिमटा नीट तापवला नाही आणि बारापैकी नऊ बाटल्यांत पांढरी बुरशी. तेव्हापासून नियम एकच : परीक्षेच्या आदल्या दिवशी नवी बाटली उघडायची नाही.

उरलेल्या तिनांतल्या एकीत परवा हिरवा ठिपका दिसला. नखाएवढाही नाही, पण घरी फोन केलाच!

प्रोजेक्ट आणि अभ्यास एकत्र सांभाळणाऱ्यांनो, काही अडलं तर बिनधास्त विचारा.